वाहता हौद

मी खोली बघायला गेले तेव्हा नानांनी मला खोली दाखवलीच नाही. मागच्या अंगणात नेलं, सिमेंटच्या हौदात हात बुडवले, ओंजळभर हिरवट पाणी माझ्या नाकाशी धरलं आणि म्हणाले, "वास घे."

मी धुळ्याहून सकाळच्या एसटीने आले होते. पोटात काही नव्हतं, खांद्याला पिशवी, काखेत वळकटी. मी वास घेतला.

"शेवाळाचा येतोय."

"चांगला की वाईट?"

मला खोली हवी होती. "चांगला," मी म्हणाले.

"बरोबर. कालच्या माणसाने नाक दाबलं. बँकेत आहे म्हणे. त्याला नाही दिली."

त्या बँकेतल्या माणसाचा पुढे मला अनेकदा हेवा वाटला.

जळगावात मला एका छापखान्यात मुद्रितं तपासायची नोकरी लागली होती. माझे वडील धुळ्याचे गिरणीकामगार. आमच्या घरात पुस्तकं नव्हती, पत्रकं होती. संपाची, महागाईची, रॉकेलची, दारूच्या गुत्त्यांविरुद्धची. अक्षरं मी त्यांच्यावरच गिरवली. त्यामुळे प्रत्येक वाक्याच्या शेवटी उद्गारचिन्ह असतं असं मला बरीच वर्षं वाटायचं, आणि रागवायलाही मी त्याच भाषेत शिकले. घरमालक ही काय चीज असते ते मला पत्रकांतून पाठ होतं. त्याच्याशी कसं लढायचं हेही मी एसटीतच ठरवून टाकलं होतं. पण जळगावच्या पिंप्राळ्यातला हा घरमालक भाडं वाढवत नसे, पावती टाळत नसे, सभेहून उशिरा आलं म्हणून कधी बोलत नसे. तो फक्त पाण्याचा वास घ्यायला लावायचा. रोज सकाळी. मी घेतला की नाना विचारायचे, "काय म्हणतंय?" आणि मी काहीही उत्तर दिलं तरी मान हलवून स्वतःचा निकाल द्यायचे: "आज जरा रुसलंय." याच्याविरुद्ध पत्रक काढायचं तरी कसं?

नाना पाटबंधारे खात्यातून निवृत्त झाले होते. नोकरी सगळी कालव्यांवर गेली. "मी आयुष्यभर पाणी सोडलं, पोरी," ते म्हणायचे. "सोडलेलं पाहिलं. पोचलेलं कधी पाहिलं नाही." धरणातून निघालेलं पाणी वाटेत जमिनीत मुरायचं, वाटेत वजनदार माणसांच्या केळीबागांकडे वळायचं, आणि कालव्याच्या शेवटच्या टोकाचा शेतकरी कोरड्या चारीत उभा राहून नानांना शिव्या घालायचा. त्या शिव्या नानांनी निवृत्तीनंतरही जपून ठेवल्या होत्या. जेवताना आठवल्या की त्यातल्या निवडक मला ऐकवायचे, आणि घास हातात धरून म्हणायचे, "बरोबर बोलायचा तो माणूस."

निवृत्त झाल्यावर त्यांनी ठरवलं की सोडलेलं पाणी आपल्या डोळ्यांदेखत परत आलं पाहिजे. म्हणून हा हौद. कमरेइतका उंच, आत चिलापी जातीचे मासे. हौदाच्या वर लोखंडी घोडीवर आडवी चिरलेली निळी प्लास्टिकची पिंपं ठेवलेली, त्यांत माती नाहीच, नुसती खडी, आणि खडीत उभी भरिताची वांगी, पालक, पुदिना. कूलरची मोटर हौदातलं पाणी वर पिंपांत चढवायची. माशांनी पाण्यात घाण करायची, ती घाण खडीत अडकायची, वांग्याच्या मुळांनी ती खायची, आणि निवळलेलं पाणी ठिबकच्या नळीतून पुन्हा माशांच्या डोक्यावर पडायचं. दिवसभर, रात्रभर, नळ उघडा राहिल्यासारखा आवाज. आमच्याकडे नळाला दिवसाआड पाणी. तो आवाज ऐकून घरात आलेला प्रत्येक पाहुणा चपला न काढता आधी मोरीकडे धावायचा.

या सगळ्याला काही नाव नव्हतं. कुठल्याशा इंग्रजी मासिकाच्या रद्दीत नानांना एक चित्र सापडलं होतं, बाकीचं ते चुका करत शिकले. पहिले मासे नव्या सिमेंटने मेले. दुसरे नानांच्या बायकोने, काकूंनी, अंगण धुताना ओतलेल्या फिनेलने मेले. तिसरे जगले, आणि तेव्हापासून काकू वर्षातले निम्मे दिवस रावेरला भावाकडे राहू लागल्या. कोणी कारण विचारलं की हौदाकडे बोट दाखवायच्या.

बरं, नाना माळकरी. अंडंसुद्धा घरात येत नसे. ते मासे खाण्यासाठी नव्हतेच, घाण करण्यासाठी होते. माझ्या एका मैत्रिणीने सहज विचारलं, "नाना, तळायला कधी काढणार?" तर पुढचे कितीतरी दिवस ती आली की नाना आत जाऊन बसायचे. आणि वांगी? वांगी अशी देखणी यायची की बाजारात हातोहात गेली असती. हिरवट, पांढऱ्या रेघांची, तळहातात न मावणारी. भरितासाठी जीव टाकणाऱ्या या गावात ती वांगी कोणी फुकट घेत नसे. नाना सकाळी शेजाऱ्यांच्या कुंपणावर एकेक ठेवून यायचे, आणि संध्याकाळी ती तिथेच सुकलेली दिसायची. माशांच्या घाणीचं पाणी प्यायलेली वांगी! शाकाहारी घरांना ती मांसाहारी वाटायची आणि मांसाहारी घरांना नुसतीच घाणेरडी. गल्लीत त्या हौदाचं नाव "नानांचं गटार" असं पडलं होतं. नानांना ते माहीत होतं. ते ऐकलं की त्यांचा चेहरा उतरायचा, आणि मग ते बोलणाऱ्याला हाताला धरून मागच्या अंगणात वास घ्यायला न्यायचे.

ते नाव शेजारच्या अक्कांनी ठेवलं होतं. अक्का माझ्याकडच्या, धुळे तालुक्यातल्या. नवरा एसटीच्या वर्कशॉपमध्ये. गाववाली म्हणून त्या मला जवळ करायच्या आणि लग्न होत नाही म्हणून बोलायच्या, दोन्ही एका दमात. "तुनं लगीन काब्र व्हत नही, माले माहीत शे," त्या म्हणायच्या. "अंगले मासोळीना वास येस."

भाडेकरूसाठी नियम होते. हौदापाशी साबण नाही. फिनेलचं तर नावही नाही. अंगणात रंगपंचमी नाही. आणि सगळ्यात मोठा नियम: लाइट गेली की मोटर बंद पडते, मोटर बंद पडली की पाण्याला हवा मिळत नाही, म्हणून घरात असेल त्याने तपेलीने पाणी उचलून उंचावरून धार धरायची, लाइट येईपर्यंत. त्या काळात लाइट जायची तीही रोज.

"लाइट गेलीऽऽ!" नाना आगीची वर्दी द्यावी तसे ओरडायचे.

एकदा आमच्या बायांच्या संघटनेची बैठक माझ्या खोलीत होती. सहा-सात बाया, विषय होता घरकामाचा मोबदला. बाईच्या श्रमांना कोणी श्रम मानत नाही यावर सगळ्या तावातावाने बोलत होत्या. तेवढ्यात अंधार झाला आणि दारात नाना, हातात तपेल्या.

"चला. हवा घालायची आहे."

"नाना, आमची बैठक चालू आहे," मी दातओठ खात म्हणाले.

"त्यांचा श्वास बंद आहे."

आम्ही पाळीपाळीने तपेल्या उचलल्या. दंड भरून आले. लाइट आली तेव्हा शेवटच्या बसची वेळ झाली होती आणि ठराव लिहायचा राहिला होता. बायांच्या फुकट राबण्यावरची आमची चर्चा एका पुरुषाच्या माशांसाठी फुकट राबण्यात बुडाली! आणि एवढ्यावर हा माणूस दारात उभं राहून प्रत्येकीच्या हातात एकेक वांगं ठेवतोय. "मजुरी," म्हणाले, अगदी गंभीरपणे. दोघींनी ते कोपऱ्यावरच्या गाईला घातलं. गाईनेही आधी हुंगलं.

मग तो उन्हाळा आला. नळ तीन दिवसांनी यायचा, पुढे चार दिवसांनी, पुढे कोणी सांगेनासं झालं. आम्ही रिकामे हंडे घेऊन नगरपालिकेवर मोर्चा काढला. पत्रक मी लिहिलं होतं, मनापासून, आणि उद्गारचिन्हं कमी केली होती. पाणीपुरवठ्याच्या साहेबांनी ते पंख्याखाली बसून पूर्ण वाचलं.

"झकास लिहिलंय, बाई. राहता कुठे?"

मी सांगितलं.

"म्हणजे त्या मासेवाल्या नानांकडे? त्यांच्याकडे हौदभर पाण्यात मासे पोहतात म्हणतात. आधी ते वाटा की. मग आमच्याकडे या."

सगळ्या हसल्या. माझ्याच मोर्चातल्या बाया, हातात हंडे धरून! अक्का सगळ्यात मोठ्याने.

मी तशीच तणतणत घरी आले. "नाना, हौद रिकामा करा."

"कशात?"

"लोकांच्या हंड्यांत."

"पितील?"

"वापरतील. भांडी घासतील."

"एकदा घासतील. मग ते पाणी मोरीतून बाहेर. इथे गेल्या पावसाळ्यापासून तेच पाणी फिरतंय. उडून जातं तेवढंच मी वर घालतो, तेही माझ्या आंघोळीतलं वाचवून. आता तू सांग, उधळ्या कोण?"

ते बरोबर बोलत होते, आणि त्याचीच मला जास्त चीड यायची. कारण कुंपणावरून पाहणाऱ्याला फिरणारं पाणी दिसत नाही, भरलेला हौद दिसतो. तहानलेल्या माणसाला हे समजावून सांगेल असं पत्रक अजून कोणी लिहिलेलं नाही.

त्याच आठवड्यात कॉलनीची सभा झाली, मोकळ्या प्लॉटवर. अक्का पदर खोचून उभ्या राहिल्या. "आमनी पोरं घोटभर पानीले तरसतस, आनि यास्ना मासा आंघोळ करतस!" टाळ्या पडल्या. कोणी म्हणालं, हौद फोडा. सोसायटीचे सेक्रेटरी, एक कोर्टातले कारकून, म्हणाले की विषय रीतसर मांडा. मी बोलायला उठणार तेवढ्यात नानाच उठले.

"दिवाळीपर्यंत या हौदात नळाच्या पाण्याचा एक थेंब जरी गेला," ते म्हणाले, "तर मी माझ्या हाताने हौद फोडेन."

हे त्यांना कोणीही मागितलं नव्हतं! मी खालून त्यांचा सदरा ओढत होते.

"सगळ्यांनी ऐकलं," सेक्रेटरी म्हणाले.

झालं. त्या दिवसापासून नाना मेहरूणच्या बाजूला एका मित्राच्या शेतातल्या विहिरीवरून सायकलला दोन कॅन लावून पाणी आणू लागले. उन्हात, डोक्याला ओला टॉवेल गुंडाळून. सेक्रेटरी सकाळच्या फिरण्यात आमच्या कुंपणापाशी हमखास थांबायचे आणि नळाची नळी कुठे पडली आहे ते बघायचे. दुसरा कोणी असता तर रात्री गुपचूप दोन बादल्या ओतल्या असत्या. मी तसं सुचवलंही. नानांनी माझ्याकडे असं पाहिलं, जणू मी लाच देऊ केली होती.

"शब्द गेला की हौद ठेवून काय करू?" ते म्हणाले.

जूनमध्ये पाऊस आला, हौद भरला, मला वाटलं सुटलो. पण पेरण्या झाल्यावर पाऊस जो गेला तो गेलाच. श्रावण कोरडा लागला.

श्रावणात नागपंचमीनंतरच्या रविवारी खान्देशात घरोघरी कानबाई बसते. नारळाची देवी, तिला नथ, साडी, दागिने, आणि घरातल्या पुरुषांच्या हिशेबाने गहू मोजून त्याच्या पिठाचे जाडजूड रोट. सोमवारी वाजतगाजत देवी पाण्यात सोडायची. रोट मात्र भाऊबंदांनीच खायचे. बाहेरच्याला द्यायचे नाहीत, लेक सासरी गेली की तिलाही नाही. उरले तर टाकायचे नाहीत, वाहत्या पाण्यात सोडायचे. देवी बाई, रोट बाईने भाजलेले, आणि हिशेब पुरुषांचा! यावर मी एक पत्रक काढलं होतं. अक्कांनी ते चूल पेटवायला घेतलं.

त्या वर्षी मेहरूणच्या तलावाचं पाणी काठापासून लांब सरकलं होतं, मध्ये नुसता चिखल. देवी लोकांनी कशीबशी सोडली. पण उरलेले रोट घेऊन पुन्हा तेवढ्या लांब, त्या चिखलात कोण जाणार? आणि वाहतं पाणी म्हणाल, तर अख्ख्या पिंप्राळ्यात ते एकाच ठिकाणी वाहत होतं.

बुधवारी सकाळी नानांनी माझं दार वाजवलं. हाक मारली नाही, नुसतं वाजवलं. मी मागे गेले. हौदातलं पाणी ताकासारखं झालं होतं. सगळे मासे वर आले होते, तोंडं उघडी टाकून, आणि त्यांच्यामध्ये फुगलेले रोटाचे तुकडे तरंगत होते. मागच्या बुटक्या कुंपणावर चिमूटभर हळदकुंकू सांडलेलं. एका घरचे रोट नव्हते ते. सगळी गल्ली मागून येऊन गेली असावी. नानांनी ओंजळ पुढे केली. आंबलेल्या कणकेचा वास होता.

माझं डोकं फिरलं. "कोण आहेत त्या? वांगं घ्यायला नको, हौदाला गटार म्हणायचं, आणि घरचं खरकटं आणून टाकायचं इथे! मी आत्ता एकेकीच्या दारात जाऊन..."

"नावं काढायची नाहीत कोणाची," नाना म्हणाले. मी त्यांच्याकडे पाहिलं आणि मला वाटलं, यांना वेड लागलं. ते हसत होते.

"पोरी, रोट कशात सोडतात?"

"नाना, मासे मरताहेत."

"मरताहेत. पण कशात सोडतात, सांग ना."

"वाहत्या पाण्यात!"

"गटारात सोडतील का?"

मासे तडफडत होते आणि या माणसाचा मान झाला होता! मी त्यांच्या हातात चाळण दिली, म्हटलं आधी हे काढा, मग हसा. आम्ही सापडले तेवढे तुकडे काढले, मोटर चालू असूनही वरून तपेल्या ओतल्या. उपयोग होईना. अर्धं पाणी बदलल्याशिवाय गत्यंतर नाही, हे नाना स्वतःच म्हणाले. आणि नेमका त्याच वेळी अंगणातला नळ गुरगुरला. पाण्याचा दिवस होता. मोठी, जाड धार पडायला लागली.

मी नळाकडे पाहिलं. नानांनी नळाकडे पाहिलं. मग त्यांनी भिंतीची सायकल काढली.

"विहीर तळाला गेलीय, नाना."

"मिळेल तेवढं आणतो."

"दोन-दोन कॅनने अर्धा हौद भरणार?"

ते फाटकाबाहेर पडले होते. तिथून वळून ओरडले, "नळाला हात लावायचा नाही!"

प्रामाणिक माणसाची एवढी चीड मला आयुष्यात कधी आली नव्हती.

मी अक्कांच्या अंगणात गेले. त्यांचा नळ जास्त चालायचा म्हणून तिथे बायांची रांग असायची. मी कोणाचं नाव घेतलं नाही. म्हटलं, "अक्का, हौदात रोट फुगलेत. मासे मरताहेत."

रांगेतली प्रत्येक बाई आपापल्या हंड्यात बघायला लागली.

"मासा तं खातस ना रोट?" अक्का म्हणाल्या. "पुण्य लागस."

"एवढे नाही खाऊ शकत. पाणी आंबलंय. अर्धं बदलायला हवं. ताजं नको, त्यात ब्लिचिंग पावडर असते, घरातलं कालचं भरलेलं हवं. पण नाना नळाचं घेणार नाहीत."

"काब्र?"

"शब्द दिलाय ना तुम्हाला सगळ्यांना. सभेत."

अक्कांनी नळाखालची कळशी बाजूला सरकवली. मग घरात गेल्या.

नाना परतले तेव्हा घामाने निथळत होते आणि कॅनमध्ये तळाचं गढूळ पाणी होतं. हौदापाशी अक्का उभ्या होत्या, कमरेवर भरलेला हंडा. मागे गल्लीतल्या बाया, तशाच.

"अक्का, थांबा. ते नळाचं आहे."

"ऱ्हाऊ द्या."

"मी शब्द दिलाय."

"तुमना शब्द तुमनापान ठेवा. हाई पानी तुमनासाठे नही शे." अक्कांनी हंडा कठड्यावर टेकवला. "रोट सोडा का तिसरा रोज वरथीन घरनं पानी टाकनं पडस. आमनी कानबाईना नेम शे."

नानांनी कपाळावरचा घाम पुसला. "असा काही नेम नाही. आमच्याकडेही बसते कानबाई."

"तुमनाकडे नही व्हई. आमनाकडे शे." आणि त्या गर्रकन माझ्याकडे वळल्या. "काय वं पोर, तू धुळानी. सांग यास्ले. शे का नही?"

सगळ्या माझ्याकडे बघायला लागल्या. रोट सोडल्यावर तिसऱ्या दिवशी वरून घरचं पाणी घालायचं, असा नेम कुठेही नव्हता. नळापासून हौदापर्यंत येताना अक्कांनी तो रचला होता, आणि आता त्यावर माझी साक्ष मागत होत्या. माझी! खोट्या रूढीपुढे मान तुकवणार नाही, हे वाक्य ज्या घरात दर महिन्याला छापून यायचं त्या घरातल्या मुलीची! नानाही माझ्याकडे बघत होते, आणि त्यांना ठाऊक होतं की मी खोटं बोलत नाही. हौदात एक मासा उलटा झाला, पांढरं पोट वर.

मी शेजारच्या बाईच्या कमरेवरचा हंडा घेतला. तो हौदात ओतला.

"दखा," अक्का म्हणाल्या. "पोरनी सांगी दिनं."

मग हंड्यांवर हंडे आले. नाना तसेच सायकल धरून उभे होते. पण एका बाईने भदकन हंडा उपडा केला तेव्हा त्यांना राहवलं नाही. "अहो, हळू! उंचावरून, बारीक धार धरा!" असं ओरडत त्यांनी सायकल टाकली, हौदाच्या तळाचं बूच काढलं आणि आंबलेलं पाणी बाहेर सोडायला सुरुवात केली. बरेच मासे गेले. बरेच राहिले. राहिलेले हळूहळू खाली गेले, दिसेनासे झाले, आणि खाली गेलेला मासा म्हणजे जगलेला मासा, हे त्या घरात राहून मला कळायला लागलं होतं.

तेवढ्यात खांद्यावर टॉवेल टाकून सेक्रेटरी आले. रिकामे हंडे पाहिले, ओल्या बाया पाहिल्या.

"नाना," ते म्हणाले, "सगळ्यांनी ऐकलं होतं."

"हो," नाना म्हणाले. आत गेले आणि पहार घेऊन आले. मला म्हणाले, "मासे पिंपात काढून घे." आणि कोणी काही बोलायच्या आत हौदाच्या कोपऱ्यावर पहिला घाव घातला. सिमेंटचा एक ढलपा उडून माझ्या पायाशी पडला. मी "नाना!" म्हणून किंचाळले, पण दुसऱ्या घावासाठी पहार वर गेलीच होती. ती अक्कांनी खालून धरली.

"हाई जागा आते तुमनी नही शे," त्या म्हणाल्या. नानांना नाही, सेक्रेटरींना. "बठ्ठी गल्लीना रोट यात शे. कानबाईनी जागा कोन फोडस, दखू दे माले. जो फोडी, त्याना घर..."

पुढचं त्यांनी अर्धवटच सोडलं. ते जास्त वाईट होतं. सेक्रेटरींनी घसा साफ केला, सभेतला शब्द वेगळा आणि धार्मिक बाब वेगळी, असं काहीतरी सुरू केलं. तर मागून त्यांच्या बायकोचा आवाज आला. तिच्याही हातात रिकामा हंडा होता.

"आपलाबी शे त्यात. चला, घर चला."

बाया पदर तोंडाला लावून हसायला लागल्या. सेक्रेटरी गेले. मग बायाही गेल्या, आपापल्या नळांकडे, कारण पाणी जायची वेळ झाली होती.

मेलेले मासे आम्ही दुपारी कढीपत्त्याच्या झाडाखाली पुरले. खड्डा नानांनी पहारीनेच खणला. मला गप्प बसवेना.

"नाना, तिने तो नेम तिथल्या तिथे रचला. तुम्हाला माहीत आहे, मला माहीत आहे. आता दर वर्षी रोट येतील. उद्या हळदकुंकू, परवा नारळ. असा काही नेम नाही, हे आजच्या आज सगळ्यांना सांगितलं पाहिजे. मी पत्रक काढते."

"काढ की," नाना म्हणाले. "नेम खोटा ठरला, की ते पाणी माझ्यासाठी आलं असं ठरलं. माझ्यासाठी आलं, म्हणजे शब्द मोडला. शब्द मोडला, की हौद फोडायचा." त्यांनी पहारीवरची माती झटकली. "पहार इथेच आहे. तू सांग. तुला खरं पाहिजे का मासे?"

"मला दोन्ही पाहिजे, नाना."

"मग तुझा हौद तू वेगळा बांध," ते म्हणाले. "आणि बांधशील तेव्हा कुंपण उंच घाल."